बारावीनंतर थेट मानवी हक्क कायद्याची पदवी घेता येते का?

तुम्ही बारावी कला शाखेत आहात, मानवी हक्कांसाठी काम करायचं ठरवलंय, म्हणून फक्त त्याच विषयाची पदवी शोधताय. आणि घरचे विचारताहेत की यात पोट भरणार आहे का. दोन्हींचं उत्तर देते.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. बरीचशी प्रकरणं विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात, म्हणजे ज्यांना वकील लावणं परवडत नाही अशांची. त्या अनुभवावरून सांगते, वेगळ्या पदवीच्या शोधात वेळ घालवू नका. पाच वर्षांचं बीए एलएलबी करा आणि वकिलीची सनद घ्या. मानवी हक्क हा विषय एलएलबीला ऐच्छिक म्हणून घेता येतो, पुढे एलएलएम त्यातच करता येतं. इंग्लंडमधलं एसेक्स विद्यापीठ कायदा आणि मानवी हक्क अशी जोडपदवी देतं. पण परदेशी पदवीवर इथल्या कोर्टात उभं राहायचं तर ती बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेने, मान्य केलेली असावी लागते, वर पात्रता परीक्षाही असते. इथेच काम करायचं असेल तर तो वळसा कशाला?

खरं कारण मात्र वेगळंच आहे. १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यातली व्याख्या वाचा. जीवित, स्वातंत्र्य, समानता आणि प्रतिष्ठा यांविषयीचे जे हक्क राज्यघटनेने दिलेत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत आहेत आणि भारतातल्या न्यायालयांकडून अमलात आणता येतात, ते मानवी हक्क. त्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. याच कायद्याने नेमलेला आयोग चौकशी करून शिफारस करतो, हुकूमनामा देत नाही, आणि घटनेला वर्ष उलटून गेलं असेल तर तक्रार घेत नाही. म्हणजे माणसाचा हक्क प्रत्यक्ष हातात पडायचा तर फिरून कोर्टातच यावं लागतं. तिथे चालते ती कार्यपद्धती: अर्ज कोणत्या कलमाखाली केला, मुदतीत केला का, पुरावा कसा शाबीत केला.

रिमांडचंच घ्या, म्हणजे अटक केलेल्याला कोठडीत ठेवायचं का ते ठरवणारी सुनावणी. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात आहे. अटकेचा मेमो म्हणजे लेखी नोंद, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात घालून दिलं. पण रिमांडची सुनावणी बऱ्याचदा काही मिनिटांत आटोपते. त्या मिनिटांत मेमोवरची वेळ बघून 'साहेब, ही वेळ जुळत नाही' असं कोणी म्हटलंच नाही, तर तो निकाल पुस्तकातच राहतो. जामिनाचंही तसंच. जामीन मंजूर होतो, पण ऊसतोड करणाऱ्या माणसाला जामीनदार कुठून मिळणार? तो आतच राहतो. मग जामिनाची अट शिथिल करण्याचा अर्ज लिहावा लागतो. कच्च्या कैद्याची, म्हणजे खटला अजून न संपलेल्याची, कोठडी किती झाली ते मोजून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ४७९ दाखवावं लागतं. त्यानुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ आत काढलेला माणूस सुटकेला पात्र ठरतो. त्याला अपवाद आहेत, तेही पाठ असावे लागतात. मला मानवी हक्कांचा अभ्यास म्हणतात तो हाच वाटतो. म्हणून फौजदारी प्रक्रिया, पुरावा कायदा, प्रशासकीय कायदा, कामगार कायदा हे 'रुक्ष' पेपर जीव लावून करा.

निकालही पूर्ण वाचायची सवय लावा, शेवटच्या आदेशापर्यंत. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा ऑल्गा टेलिस खटला तुम्हाला पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भेटेल. १९८५मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. विद्यार्थी तेवढंच लिहून येतात. पण त्याच निकालाने झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकार कायम ठेवला आणि पावसाळा सरेपर्यंत थांबायला सांगितलं. तत्त्व जिंकलं आणि घर गेलं, हे दोन्ही एकाच निकालात आहे. ते नीट समजलं की पुढच्या अशिलासाठी याचिकेत नेमकं काय मागायचं ते कळू लागतं.

कायद्याचं शिक्षण किती दूर पोहोचू शकतं याचं उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेले पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले. त्यावर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध आल्याचं शाबीत झालं आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. निकालातल्या पुराव्याची चिकित्सा करता येत होती म्हणून ते पत्र इतकं भेदक झालं.

आता पोटाचं. घरच्यांची काळजी खोटी नाही. सीनियरकडची पहिली काही वर्षं फार थोड्या पैशांत जातात, आणि घरून आधार नसलेल्या मुलामुलींना याच काळात वकिली सोडावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं. मात्र आता जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं निघाली आहेत. तिथे आरोपींच्या बचावासाठी मानधनावर पूर्णवेळ वकील नेमतात, नव्या वकिलांना सहायक म्हणून संधी असते. शिवाय न्यायाधीशाची परीक्षा, सरकारी वकिली आणि स्वयंसेवी संस्थांचे कायदा विभाग आहेत. सनद असेल तर हे सगळे दरवाजे उघडे राहतात. नुसत्या मानवी हक्कांच्या पदविकेवर यातले बहुतेक बंद.

प्रवेशासाठी राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट इंग्रजीतूनच असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे तशी विद्यापीठं आहेत, पण फी परवडत नसेल तर जवळच्या शासकीय किंवा अनुदानित कॉलेजाला कमी लेखू नका. खालच्या कोर्टांचं कामकाज मराठीत चालतं आणि अशिलाची हकिकत त्याच्याच बोलीत ऐकून घ्यावी लागते, तिथे तुमची मराठी उपयोगी पडेल. इंग्रजी मात्र रोज वाचा, कारण उच्च न्यायालयाचे निकाल त्याच भाषेत येतात.

कॉलेज निवडताना एक गोष्ट जरूर विचारा: तिथलं विधी साहाय्य केंद्र खरोखर चालतं का, की फक्त फलक आहे? पाच वर्षांत किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची असते. त्यातले काही आठवडे तालुका कोर्टातल्या फौजदारी वकिलाकडे काढा. प्रवेशाआधीही सुट्टीत जाऊन कोर्टात मागच्या बाकावर बसता येईल. बहुतेक सुनावण्या खुल्या असतात, कोणी अडवणार नाही.