मॉडेलिंगच्या भाषेला तत्त्वज्ञान कशाला?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

चौकोन, रेषा आणि त्यांचे नियम ठरवले की मॉडेलिंगची भाषा, म्हणजे माहितीप्रणालीत कोणत्या गोष्टी आहेत आणि त्या कशा जोडलेल्या आहेत हे आकृतीत मांडण्याची भाषा, तयार होते, मग तत्त्वज्ञान कशाला वाचायचे, असे तू विचारतेस. उत्तर माझ्याच एका चुकीतून देतो. एका रुग्णालयाच्या नोंदप्रणालीत मी ‘व्यक्ती’चे ‘रुग्ण’ आणि ‘परिचारिका’ असे दोन उपप्रकार पाडले आणि एकातली नोंद दुसऱ्यात असू नये, असा नियमही घातला. पुढे तिथलीच परिचारिका तापाने दाखल झाली, तेव्हा खिडकीवर तिची निराळी व्यक्ती म्हणून नोंद झाली आणि नोकरीला लागताना नोंदवलेली पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्याच नोंदीत राहिली. ती तिने स्वतःच सांगितली म्हणून निभावले.

आकृती व्याकरणाने निर्दोष होती. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या एंटिटी-रिलेशनशिप मॉडेलमध्ये, म्हणजे वस्तू आणि त्यांचे संबंध दाखवणाऱ्या आकृतिपद्धतीत, माणूस असणे आणि रुग्ण असणे यांतला फरक दाखवणारी खूणच नव्हती. रुग्ण बरा झाला की रुग्ण राहत नाही, पण माणूसपण सोडून तो उरू शकत नाही. हा भेद तत्त्वज्ञांच्या ओळखीचा आहे. जानकार्लो ग्विझार्दी यांच्या २००५ च्या प्रबंधातून पुढे आलेल्या ऑन्टोयूएमएल या मॉडेलिंगच्या भाषेने तो व्याकरणातच आणला, त्यामुळे ‘व्यक्ती’ला ‘ग्राहक’ या भूमिकेचा उपप्रकार करणे तिथे नियमबाह्य ठरते.

संबंधांचा प्रश्न मला याहून रोचक वाटतो. वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी संयोगाला, म्हणजे सुटू शकणाऱ्या जोडणीला, गुण मानले आणि समवायाला, म्हणजे न सुटणाऱ्या संबंधाला, स्वतंत्र पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचा मूलभूत प्रकार, म्हणजे सगळे संबंध एका जातीचे नाहीत हे त्यांनी ओळखले होते. ‘दाखल होणे’ याला स्वतःची तारीख, खाट आणि बिल असते, ते रुग्ण आणि रुग्णालय दोघांवर अवलंबून असते; ते नुसत्या जोडरेषेत मावत नाही.

मात्र एखाद्या तत्त्वज्ञाची व्यवस्था जशीच्या तशी उचलू नकोस. वँड आणि वेबर या संशोधकांनी तत्त्वज्ञ मारिओ बुंगे यांच्या सत्ताशास्त्राच्या, म्हणजे जगात काय काय असते याच्या विचाराच्या, कसोटीवर मॉडेलिंगच्या भाषा तपासल्या, ते काम मोलाचेच आहे. पण भौतिक वस्तूंसाठी घडलेल्या त्या चौकटीत कर्ज किंवा करार बसवताना ओढाताण होते, असे माझे मत आहे.

तुझ्या आकृतीच्या मसुद्यातली तुटक रेषा अवयव, मालकी आणि सभासदत्व या तिन्हींसाठी वापरलेली दिसते. आधी तिच्या जागी तीन वेगळ्या रेषा कर आणि शनिवारी घेऊन ये.

तुझा,
सर