मुदतपूर्व की मध्यावधी?

परभणीच्या एका वाचकाने विचारलंय: ब्रिटनमध्ये थेरेसा मे यांनी २०१७ साली घेतलेल्या ‘स्नॅप इलेक्शन’ला मराठीत मध्यावधी म्हणावं की मुदतपूर्व? आणि आपल्याकडे लोकसभेची अशी निवडणूक कधी झाली का?

मुदतपूर्वच म्हणावं. त्या संसदेची मुदत २०२० पर्यंत होती आणि सरकार कोणी पाडलेलं नव्हतं. बाईंना बहुमत वाढवायचं होतं. होतं तेही गेलं. मध्यावधी म्हटलं की आपल्याला पडलेलं सरकार आठवतं: १९८०, १९९१, एका मताने वाजपेयी हरले तेव्हाची १९९९. आपल्या गावाकडच्या बोलण्यात हा फरक आधीपासून आहे. ‘इलेक्शन लागलं’ कुठल्याही निवडणुकीला चालतं, पण ‘इलेक्शन लावलं’ म्हटलं की कोणीतरी डाव साधून लावलं, हे न सांगता कळतं. हुरड्यासाठी कणसं मालक मर्जीने कापतो. गारपिटीत लोळलेली ज्वारी मात्र काढावीच लागते. स्नॅप म्हणजे हुरडा.

आता मुदतीचा हिशेब. लोकसभेची पाच वर्षं पहिल्या बैठकीपासून मोजतात आणि मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत, सभागृह विसर्जित न करताही, निवडणुकीची अधिसूचना काढता येते. म्हणून १९८४ची निवडणूक मुदतपूर्व नव्हे. इंदिराजींच्या हत्येनंतर घाईने घेतली असं पुष्कळांना वाटतं, पण मुदत जानेवारी १९८५मध्ये संपतच होती. २००४ची मात्र खरी: मुदत ऑक्टोबरपर्यंत, हाताशी बहुमत, तरी वाजपेयींनी फेब्रुवारीतच लोकसभा विसर्जित करवली. १९७१चीही तशीच, इंदिराजींनी वर्षभर आधी लावलेली.

१९७७ला कुठे बसवायचं हा गमतीचा प्रश्न आहे. मूळ पाच वर्षं १९७६मध्येच संपली होती. आणीबाणीत मुदत दोनदा वाढवून मार्च १९७८पर्यंत नेली आणि निवडणूक घेतली मार्च १९७७मध्ये. वाढीव मुदतीच्या हिशेबाने वर्षभर आधी, मूळ हिशेबाने वर्षभर उशिरा! मी तिला मुदतपूर्व म्हणणार नाही. ज्यांनी मुदत ताणली त्यांनीच ती थोडी सैल केली, एवढंच.

राज्यातलं उदाहरण हवं तर १९९९. युती सरकारला मार्च २०००पर्यंत वेळ होता, पण विधानसभा लोकसभेबरोबर सप्टेंबरातच उरकली. लावली युतीने आणि मुख्यमंत्री झाले आमच्या लातूरचे विलासराव, जे १९९५मध्ये स्वतःची जागाही हरले होते.

बातमीत अचानकपणा दाखवायचाच असेल तर ‘तडकाफडकी मुदतपूर्व निवडणूक’ लिहा. ‘आकस्मिक’ नको; ते वाचून कोणीतरी वारल्यासारखं वाटतं.