एनएडीएचचं (एन्झाइमच्या चाचण्यांत लागणारा को-एन्झाइम) सोल्यूशन पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये करून ठेवलं, दुसऱ्या दिवशी ३४० नॅनोमीटरला शोषणाचं रीडिंग कमी का येतं?

अहो, एन्झाइमला दोष देऊ नका, बफरच चुकलाय. एनएडीएचला अॅसिड अजिबात सहन होत नाही, त्याच्या निकोटिनामाइड रिंगमधल्या डबल बाँडवर प्रोटॉन बसतो, मग पाणी जोडलं जातं आणि ३४० चं शोषण गायब, आणि गंमत म्हणजे फॉस्फेट स्वतःच ही रिअॅक्शन वाढवतो, त्यामुळे पीएच ७ असला तरी हळूहळू वाट लागतेच. त्याऐवजी ट्रिस (दुसरा एक बफर) घ्या, पीएच ८.५ च्या आसपास, ट्रिसचा पीएच थंडीत थोडा वर चढतो, ते इथे उलट बरंच आहे. नाहीतर १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, बर्फावर ठेवा, शक्यतो रोज ताजं करा.

पण हाच नियम एनएडी प्लसला (एनएडीएचचं ऑक्सिडाइझ झालेलं रूप) लावू नका हं! त्याचं बरोबर उलटं, किंचित आम्लात मस्त टिकतो, अल्कलीत निकोटिनामाइड आणि रायबोजमधला बाँड तुटतो. म्हणून तर पेशींतून एनएडी प्लस काढायला अॅसिड आणि एनएडीएच काढायला अल्कली वापरतात, दोन्ही एकाच नळीत नाही जमत.

आणि एनएडीएच वापरण्याआधी ३४० ला शोषण मोजा, त्याला ६२२० ने (एनएडीएचचा मोलर शोषणांक, १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटसाठी) भागून मोलरमध्ये काँसंट्रेशन काढा, वजनावर विसंबू नका.