लेनोर्मां पानांच्या जोडीत आधी कुठलं पान वाचायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेनोर्मां, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांच्या संचातल्या 36 पानांचे अर्थ पाठ झालेत, पण दोन पानं शेजारी आली की गाडी अडते. 'घर' आणि 'उंदीर' आले की 'घर आणि नुकसान' एवढंच तोंडून निघतं. जोड्यांची यादी पाठ करावी का, असंही विचारलंय. आणि बहिणीच्या सोयरिकीच्या प्रश्नावर 'अंगठी' आणि 'पर्वत' आले, तेव्हा काय सांगायला हवं होतं? त्या जोडीकडे शेवटी येते.

यादी पाठ करू नका. क्रम धरला तर 36 पानांच्या 1260 जोड्या होतात. त्या पाठ झाल्या तरी प्रश्न बदलला की तीच जोडी वेगळं बोलते, म्हणजे पाठांतर पाण्यात. त्याऐवजी एक वही करा आणि प्रत्येक पानासमोर तीन शब्द लिहा: एक नाम, एक विशेषण, एक क्रियापद. उंदीर: झीज, कुरतडलेलं, पोखरणं. पर्वत: अडथळा, अडलेलं, अडवणं. पत्र: कागद, लेखी, कळवणं. असे 108 शब्द होतात. महिनाभरात सहज बसतात, आणि सगळ्या जोड्या त्यातूनच निघतात.

आता मूळ नियम. डावीकडचं, म्हणजे आधी आलेलं पान हा विषय. उजवीकडचं पान त्या विषयाचं वर्णन. नियम सोपा आहे, पण आपण मराठी माणसं नेमके इथेच चुकतो, कारण आपल्या बोलण्यात वर्णन आधी येतं आणि वस्तू नंतर. बैलगाडी म्हणजे गाडी, बैल नव्हे. घरजावई म्हणजे जावई, घर नव्हे. डोक्याला ही सवय असल्यामुळे डावीकडचं पान आपोआप विशेषण होऊन बसतं आणि अख्खी जोडी उलटी होते.

म्हणून असं करा. डाव्या पानावर बोट ठेवा आणि 'कसलं?' किंवा 'कशाचं?' असं विचारा. उत्तर उजव्या पानात शोधा. मग बोलताना उजवं पान आधी घ्या आणि डावं नंतर. टेबलावर 'गाडी, बैल' असं पडलं तर तोंडातून 'बैलगाडी' यायला हवं. 'बैल, गाडी' असं पडलं तर 'गाडीचे बैल'.

तुमचीच जोडी घेऊ. घर + उंदीर: घर, कसलं? पोखरलेलं. जुनं घर विकत घ्यायचा प्रश्न असेल तर वाळवी, ओल, दुरुस्तीचा न संपणारा खर्च. घरच्यांबद्दलचा प्रश्न असेल तर रोजच्या कटकटीनं झिजत चाललेलं घर. आता उलट, उंदीर + घर: झीज, कशाची? घरातली. 'दुकान चालतं, मग पैसा जातो कुठे?' असा प्रश्न असेल तर उत्तर दुकानात नाही, घरखर्चात शोधायचं. पानं तीच, विषय मात्र पूर्ण बदलला.

पत्र + मनोरा: कागद, कुठला? सरकारी. आपल्याकडे जमिनीच्या प्रश्नावर ही जोडी आली की सातबारा, फेरफार, तहसीलची नोटीस यांपैकी काहीतरी. मनोरा + पत्र म्हणजे लेखी काम चालणारं कार्यालय. तिथे तोंडी विनवणी चालणार नाही, अर्ज द्या आणि पोच घ्या. हा फरक समोरच्याच्या खरोखर कामाचा असतो, म्हणून क्रमाचा एवढा आग्रह धरते. काही जण क्रम मानत नाहीत, दोन्ही बाजूंनी वाचतात. तीही पद्धत आहे. पण एक धरा आणि पानं पिसण्याआधीच धरा. पानं पडल्यावर सोयीचा क्रम निवडला तर तुम्ही पान वाचत नाही, मनातलं बोलता.

माणसांची पानं, 28 पुरुष आणि 29 स्त्री, याच नियमात बसतात. पत्र + स्त्री म्हणजे बाईकडून आलेला निरोप. स्त्री + पत्र म्हणजे निरोपाची वाट पाहणारी बाई.

दुसरी अडचण नावांची. ही चित्रं युरोपातली. 1799च्या सुमारास जर्मनीत न्यूरेंबर्गला फाशांनी खेळायचा एक खेळ म्हणून हा 36 पानांचा संच निघाला. मारी ॲन लेनोर्मां ही पॅरिसची भविष्यवेत्ती. ती 1843 मध्ये वारली आणि तिचं नाव पानांना त्यानंतर लागलं. चित्रांना मराठी नाव दिलं की नावाबरोबर आपला अर्थही आत शिरतो.

सगळ्यात फसवं पान 35, नांगर. परभणी-हिंगोलीकडच्या वाचणाऱ्याला नांगर म्हटलं की शेत दिसतं, कष्ट दिसतात. पानावरचा नांगर जहाजाचा आहे: स्थैर्य, टिकून राहणं, मुक्कामाला पोचणं. मूळ खेळात जिंकायचं घरही हेच 35 क्रमांकाचं होतं. त्यामुळे 'मासे + नांगर' म्हणजे कष्टाचा पैसा नव्हे, तर स्थिर, दरमहा येणारा पैसा.

10 क्रमांकाच्या पानाला 'विळा' म्हणा, 'कोयता' म्हणू नका. बीड, धारूर, केजकडे कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. पानाचा अर्थ बरोबर उलटा आहे: झटकन तोडणं. लग्नाच्या प्रश्नावर हा शब्द कानावर पडला तर ऐकणारी बाई काय समजेल, त्याचा विचार करा.

आणि ढग. जूनमध्ये पेरणी करून आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाला ढग वाईट कसे वाटतील? पण पान 6 म्हणजे गोंधळ, खात्री नसणं. मी ते 'आभाळ आलंय, पण पडेल का सांगता येत नाही' असं सांगते. लगेच कळतं, आणि अर्थही ढळत नाही. जहाजाचंही तसंच. समुद्र इथून लांब, तेव्हा जहाज म्हणजे लांबचा प्रवास किंवा बाहेर जाणारा माल, मग तो लातूरच्या आडतीवर निघालेला सोयाबीनचा टेम्पो का असेना. करकोचा म्हणजे बदल, जागा सोडणं. हिवाळ्यात जायकवाडीच्या पाण्यावर उतरणारे पाहुणे पक्षी आठवा, पान विसरणार नाही. काही संचांत 12 क्रमांकाच्या पक्ष्यांच्या जागी घुबडं छापलेली असतात. ती पाहून समोरचा दचकतो, पण अर्थ बडबड आणि घालमेल एवढाच आहे. ते आधीच सांगून टाका.

पानांच्या कोपऱ्यात पत्त्याचं चित्र असतं, त्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. बघा. किल्वरची नऊ पानं अशी: राजा ढग, राणी साप, गुलाम चाबूक, दश्शी अस्वल, नव्वी कोल्हा, अठ्ठी पर्वत, सत्ती उंदीर, छक्की क्रूस आणि एक्का अंगठी. अंगठी सोडली तर जवळपास सगळी त्रासाची. जोडीत दोन्ही किल्वर आले की विषय जड आहे एवढं पहिल्या नजरेत कळतं. पण दोन वाईट पानं म्हणजे दुप्पट वाईट, असा हिशोब करू नका. क्रूस + उंदीर बघा. क्रूस म्हणजे ओझं. ओझं, कसलं? कुरतडलं जाणारं. म्हणजे भार हळूहळू कमी होतोय. उंदीर आधीच्या पानाला खातो, आणि आधीचं पान दुःखाचं असेल तर ते खाल्लं गेलेलं बरंच की! उंदीर + क्रूस मात्र नको असलेली जोडी: जाचक झीज, बराच काळ सोसावी लागणारी.

विळा आणि ढग या दोन पानांत दिशा असते. विळ्याचं पातं ज्या पानाकडे वळलेलं असेल ते तोडलं जातं. ढगाची एक बाजू गडद आणि एक उजळ असते. गडद बाजूचं पान झाकोळतं, उजळ बाजूचं मोकळं होतं. पण पातं कुठल्या बाजूला आणि गडद बाजू कुठली, हे प्रत्येक छापणारा वेगळं काढतो. तुमच्या हातातला संच उघडून बघा आणि वहीत लिहून ठेवा. दुसऱ्याच्या संचाचा नियम आपल्या संचाला लावल्यानं पुष्कळ जोड्या उलट्या वाचल्या जातात.

जोड्या पक्क्या झाल्या की पाच पानांची ओळ मांडा. समजा प्रश्न आहे, 'मुलीला लातूरला शिकवणीला ठेवलं तर अभ्यास कसा होईल?' आणि पानं पडली पुस्तक, पर्वत, मूल, कुत्रा, तारे. शेजारच्या जोड्या आधी. पुस्तक + पर्वत: अडलेला अभ्यास. पर्वत + मूल: अडथळा, कसला? नवखेपणाचा. मूल + कुत्रा: सोबत असलेली मुलगी. कुत्रा + तारे: दिशा दाखवणारी सोबत. मग समोरासमोरची पानं, पहिलं-पाचवं आणि दुसरं-चौथं. इथे डावं-उजवं नसतं, दोन्ही पानं एकमेकांकडे बघतात. पुस्तक आणि तारे: अभ्यासाला वाट सापडते. पर्वत आणि कुत्रा: अडथळ्यावर उतारा सोबतीचा. मधलं पान मूल, म्हणजे सगळं त्या मुलीभोवतीच फिरतंय, फी किंवा क्लासचं नाव हा मुद्दा नाही. तोंडी उत्तर असं: 'सुरुवातीला नवखेपणामुळे अभ्यास अडेल. खोलीवर ओळखीची, भरवशाची मैत्रीण असेल तर तिला वाट सापडेल.' मेडिकलला नंबर लागेल का, हे या ओळीत नाही. यशाचा सूर्य नाही, खात्रीची किल्ली नाही. नाही ते नाहीच म्हणा. आईबाप त्या एका वाक्यावर कर्ज काढतात.

चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. पहिली, दोन अर्थांना 'आणि' जोडणं. तुमच्या बोलण्यात 'आणि' आला की समजा जोडी झालीच नाही. दुसरी, एकाच पानाचे दोन अर्थ एका बैठकीत वापरणं. कोल्हा कुणी लबाडी म्हणून वाचतं, कुणी नोकरी म्हणून. नोकरीसाठी कोल्हा घ्यायचा की नांगर, हे एकदाच ठरवा. वाळूजच्या कंपनीतल्या कामाबद्दल विचारलं आणि कोल्हा + चाबूक आलं, तर 'कटकटीची नोकरी' आणि 'भांडखोर लबाड माणूस' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरी, कळलं नाही म्हणून आणखी एक पान ओढणं, मग आणखी एक. किती पानं हे पिसण्याआधी ठरवायचं. तीन ठरली तर तीनच.

झाड हे पान तब्येतीचं. झाड + शवपेटी किंवा झाड + क्रूस आलं तर मृत्यू हा शब्द उच्चारू नका आणि रोगाचं नावही घेऊ नका. 'तब्येत ओढलेली दिसते, तपासून घ्या' एवढं पुरे. पानं बघून कुणी गोळी बंद केली किंवा दवाखाना लांबवला, तर त्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते.

टॅरो या भविष्याच्याच दुसऱ्या पत्त्यांना हा नियम लावू नका. तिथे 78 पानं, चित्रं भरगच्च आणि पान उलटं पडण्यालाही अर्थ असतो. लेनोर्मांमध्ये पान उलटं पडलं तर सरळ करून घ्यायचं.

आता तुमच्या बहिणीची जोडी. अंगठी + पर्वत: सोयरीक, कसली? अडलेली. मोडलेली नव्हे. मोडायला विळा किंवा शवपेटी लागते, आणि त्यातलं काहीच आलेलं नाही. पर्वत + अंगठी असं पडलं असतं तर अडथळा हा विषय आणि अंगठी त्याचं वर्णन, म्हणजे आधी दिलेल्या एखाद्या शब्दामुळे, एखाद्या बांधिलकीमुळे आलेला अडथळा. तो वेगळाच मुद्दा. अडलंय कशानं, हे या दोन पानांत नाही, त्यामुळे तिसरं पान ओढून ते शोधू नका. बहिणीलाच विचारा, बोलणी नेमकी कुठे थांबलीत: पत्रिकेवर, मुलाच्या नोकरीवर, की तिच्या स्वतःच्या मनात? ती जे सांगेल त्यावर नवा प्रश्न तयार करा, पानं गोळा करा आणि नव्यानं पिसा.