लेकीला झोप लागली नाही, ते बरं झालं

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, पीसीएमबी घेतलंय. सुट्टीत एका विज्ञान शिबिरात मुलांनी खोट्या चोरीचा तपास केला. पांढऱ्या पावडरी ओळखायच्या, चिठ्ठीची शाई तपासायची, शेवटी डीएनए जुळवायचा. तेव्हापासून ‘फॉरेन्सिकच करणार’ हे एकच पालुपद. तिचे बाबा म्हणतात, टीव्हीचं खूळ आहे, मुकाट्याने फार्मसी कर. तिच्या गटाने चोर चुकीचा पकडला होता, दोन नमुन्यांना पिपेटची एकच टिप (द्रव उचलायचं बदलायचं टोक) वापरली गेली म्हणे. त्या रात्री पोर झोपलीच नाही. इतक्या हळव्या मुलीला हे झेपेल का? प्रेतं बघावी लागतात का? – एक आई, कराड

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. स्टार्चवर आयोडीन पडलं की निळाकाळा रंग येतो, खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसतं, याची गंमत कुठल्याही मुलाला वाटते. तेवढ्यावर मी कुणाला या वाटेला लावत नाही. पण आपल्या हातून निर्दोष माणूस ‘चोर’ ठरला, तेही एका न बदललेल्या टिपमुळे, म्हणून जागी राहणारी मुलगी मला क्वचितच भेटते.

झालं काय असेल ते सांगतो. डीएनएचे नमुने जेल नावाच्या जेलीसारख्या थरात घालून त्यात वीज सोडली की डीएनएचे तुकडे धन टोकाकडे सरकतात. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. टिप तीच राहिली, तर पहिल्या नमुन्याचा अंश दुसऱ्यात जातो आणि एकाच रांगेत दोघांच्या पट्ट्या उमटतात. मग घाईतला गट हव्या तेवढ्या पट्ट्या जुळवून मोकळा होतो.

हे शिबिरातच घडतं असं समजू नका. जर्मनीत हाइलब्रॉन इथे 2007 साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या डझनावारी गुन्ह्यांत निघाला. पोलीस त्या ‘बाई’च्या मागे हात धुऊन लागले. 2009 मध्ये उलगडा झाला : नमुने टिपायच्या कापसाच्या काड्यांवरच तो डीएनए होता, त्या हाताळणाऱ्या एका कामगार बाईचा. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक केल्याने डीएनए जात नाही! तुमची लेक जे करून बसली, ते तीन देशांच्या पोलिसांना नडलं. तिला हे जरूर सांगा, जरा हलकं वाटेल.

आता प्रेतांचं. शवविच्छेदन डॉक्टर करतात. त्यासाठी नीट, एमबीबीएस आणि मग एमडी, ती वाटच निराळी. प्रयोगशाळेत येतो तो सीलबंद मुद्देमाल : डागाळलेले कपडे, हत्यारं, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे तुकडे. वास असतो, किळस येऊ शकते, सवयीने जमतं. खरी कसोटी निराळीच. रक्ताच्या फिनॉल्फ्थॅलिन चाचणीत डाग गुलाबी झाला तरी ‘रक्त’ असं लिहिता येत नाही, कारण काही भाज्यांच्या रसानेही तो रंग येतो. पक्की चाचणी पुढे करावीच लागते. शिबिरात शेवटी ताई-दादा खरा चोर कोण ते सांगतात. मुंबईत कलिन्याच्या सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळेत ते सांगायला कोणी नसतं. तुम्ही फक्त नमुना काय बोलतो ते लिहायचं, आणि त्या सी. ए. (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्टवर उद्या कोर्टाने बोलावलं तर वकिलाच्या उलटतपासणीला उभं राहायचं.

बारावीनंतर मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (म्हणजेच फॉरेन्सिक) संस्थांत बीएस्सी करता येतं. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं गोव्यातही केंद्र आहे. तरी माझं मत विचाराल तर आधी रसायनशास्त्रात चांगली बीएस्सी, डीएनएची ओढ टिकली तर जैवरसायन किंवा बायोटेक, आणि फॉरेन्सिक एमएस्सीला. सरकारी जागा मोजक्या, जाहिराती कधी निघतील याचा नेम नाही. हातात नुसती फॉरेन्सिकची पदवी असली की वाट पाहत बसावं लागतं. रसायनशास्त्रवाल्याला औषध कंपनी, अन्न तपासणी अशी दारं उघडी राहतात. बाबांच्या काळजीवर उतारा हाच. गणित मात्र सोडू देऊ नका, डीएनए जुळल्याचा अहवाल शेवटी संभाव्यतेच्या आकड्यांत बोलतो.

कामाला तोटा पडणार नाही हेही खरं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कामाच्या मानाने जागा भरल्या जातील का, ते मात्र सरकार जाणे.

एक काम तिला द्या. काळ्या स्केचपेनच्या शाईचे रंग फिल्टर पेपरवर पाण्याने वेगळे करायचे, तोच प्रयोग दहा वेळा. दर वेळी तारीख, पेनची कंपनी, शाई किती चढली, सगळं वहीत. चुकलेलं खोडायचं नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि सही करायची. तिसऱ्या दिवशी कंटाळली तर बाबांचं ऐका. दहाव्या कागदालाही पट्टी लावून मोजत बसली, तर त्या वहीचे फोटो आणि ‘टिपची चूक आम्हाला आधीच कशी पकडता आली असती’ यावर तिच्या हातचं पाऊण पान मला पाठवा.