‘घर’ला ‘गर’ लिहिणारा मुलगा

प्रिय मावशी,

माझा मुलगा मराठी शाळेत दुसरीत आहे. ९ डिसेंबरचा जन्म. जोडाक्षरं सोडाच, साधे शब्दही अडखळत वाचतो. ‘घर’ला ‘गर’ लिहितो, ‘भात’ला ‘बात’. पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहितो. माझ्या जावेची मुलगी त्याच्याच वर्गात, त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेली. ती धडे घडाघडा वाचते. सासूबाई म्हणतात, “याचा बापही असाच मठ्ठ होता.” बाई म्हणतात घरी लक्ष द्या, शिकवणी लावा. शेजारणीनं तर “मतिमंद नाही ना, एकदा दाखवून घ्या” असं तोंडावर म्हटलं. एरवी त्याला सगळं कळतं. सायकलची उतरलेली साखळी बसवतो, दुकानातून सुटे पैसे बरोबर मोजून आणतो. फक्त बेपर्वा आहे. हाक मारली तर ओ देत नाही, सर्दी झाली की टीव्ही मोठा करून बसतो. गेल्या आठवड्यात अभ्यास घेताना माझा तोल गेला, उलथन्यानं मारलं. रात्री तो झोपल्यावर पोटरीवरचा वळ बघितला आणि मीच रडत बसले. हल्ली शाळेच्या वेळी त्याचं पोट दुखतं. त्याला पुन्हा पहिलीत बसवू का?

— एक आई, कराड

अगं, मावशी म्हणालीस म्हणून तुला एकेरीच हाक मारते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू ज्या गोष्टींवर रडलीस त्या ठळक लिहिल्यास, आणि ज्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या त्या जाता जाता लिहून टाकल्यास. हाक मारली तर ओ देत नाही. सर्दी झाली की टीव्ही मोठा करतो. ‘घर’चा ‘गर’ आणि ‘भात’चा ‘बात’. या तिन्ही गोष्टी एका ओळीत मांडून बघ. पोरगं बेपर्वा आहे असं मला वाटत नाही. त्याला नीट ऐकू येतं का, हे आधी बघायला हवं.

लहान मुलांना वरचेवर सर्दी झाली की कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. बऱ्याचदा कान दुखत नाही, ताप नसतो, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ऐकू अजिबात येत नाही असंही नाही, फक्त पाण्याखाली बुडी मारल्यावर येतं तसं दबलेलं येतं. काही आठवडे येतं, काही आठवडे येत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं, “पाहिजे तेव्हा बरं ऐकू येतं!” आता ग आणि घ, ब आणि भ यांत फरक तो काय, एका श्वासाचा. तो श्वासच कानापर्यंत पोचला नाही तर मूल लिहिणार काय? ऐकलं तेच लिहिणार.

मी डॉक्टर नाही. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऐकण्याची तपासणी आणि पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी तपासणी, दोन्ही करून घे. दुसरीला टिम्पॅनोमेट्री म्हणतात. सुई नाही, दुखत नाही, काही मिनिटांत होते. पाणी निघालं तरी घाबरू नकोस, बऱ्याचदा तीनेक महिन्यांत ते आपोआप ओसरतं, नाही ओसरलं तर उपाय आहेत. त्याच फेरीत डोळेही तपासून घे, आणि हिमोग्लोबिन बघायला सांग. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या दर १०० मुलांत ६७ जणांना रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असलेलं मूल दमतं, आणि दमलेल्या मुलाला आपण आळशी म्हणतो. पैशांची अडचण असेल तर शाळेत विचार: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं आणि गरज असेल त्या मुलाला पुढच्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात मोफत पाठवतं. पण त्या पथकाची वाट बघत महिने काढू नकोस.

हे इतकं आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती, फळ्यावरचं कधी पूर्ण उतरवून घ्यायची नाही. मी तिला कितीदा उभं केलं असेल. सहामाहीनंतर तिला चष्मा लागला तेव्हा कळलं की तिसऱ्या बाकावरून तिला फळाच धड दिसत नव्हता. आज ती दोन मुलांची आई आहे, भेटली की पाया पडते, आणि मला अजूनही तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

आता दुसरी गोष्ट, तीही तूच लिहिलीस आणि पुढे गेलीस. तुझा लेक डिसेंबरचा, जावेची लेक त्याच वर्षीच्या जानेवारीची. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणून हा पोरगा जूनमध्ये पहिलीत बसला तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षांचा होता. ती त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठी. तुला-मला अकरा महिने म्हणजे काहीच नाही. पावणेसात वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो सातवा हिस्सा आहे! ती जेवढं आयुष्य जगून दुसरीत बसली, तेवढं त्याचं पुढच्या वर्षी होईल. म्हणून त्या दोघांना एका धड्यावर शेजारी बसवून वाचायला लावणं आजपासून बंद. सणाला सगळे जमले की “बघू कोण आधी वाचतं” असं कुणी म्हणालं तर तू उठून दोघांना खेळायला पाठव.

आणि वाचता न येणारा तो एकटा नाही. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेत तिसरीत असलेल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती. चारातलं एकसुद्धा नाही. यात समाधान मानण्यासारखं काही नाही, पण “माझ्याच पोटी हा असा का” हे ओझं तरी तू खाली ठेव.

पहिलीत पुन्हा बसवायचं नाही. तेच पुस्तक, तोच वर्ग, आणि बरोबरची मुलं पुढे गेलेली. तो कुठे अडलाय हे कळल्याशिवाय वर्ष परत घेतलं तर तो परत तिथेच अडेल. शिकवणीचंही तेच. दिवसभर शाळेत बसून दमलेल्या पोराला संध्याकाळी वीस मुलांच्या शिकवणीत बसवून काय साधणार? आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करत होत्या, तेव्हा गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. मूल जिथे आहे तिथे जायचं. तुझा लेक ज्या पायरीवर उभा आहे, तिथे जाऊन त्याच्याशेजारी बसायचं.

कुठली पायरी ते एका दुपारी शांतपणे बघ. अक्षरं ओळखतो का? काना आणि वेलांटी कळते का? बिनजोडाक्षरी शब्द? छोटं वाक्य? जिथे पहिल्यांदा अडखळेल तिथून एक पायरी खाली ये आणि तिथून सुरुवात कर, म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला काहीतरी येईल. आपली लिपी मुलांना वाटते तेवढी सोपी नाही गं. बाराखडीच धरली तर चारशेच्या आसपास आकृत्या होतात, जोडाक्षरं त्यावर. ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो आणि लिहिताना वेलांटी आधी काढायची. “क कमळाचा” पाठ झालेलं मूल क दिसला की कमळच म्हणतं. हे सगळं उमगायला एखाद्याला सहा महिने लागतात, एखाद्याला दोन वर्षं.

तोंडासमोर हात धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हणायला सांग. ‘ख’ला हाताला वारा लागतो. मग ट-ठ, मग ग-घ, ब-भ. कानाला जे निसटतं ते हाताला कळू दे. ताटात रांगोळी पसरून त्यावर बोटानं अक्षर काढू दे, चुकलं की ताट हलवलं, पुसलं. वहीत लाल फुली राहते, रांगोळीत काही राहत नाही. गावांच्या नावांच्या भेंड्या खेळा: कराड, मग ‘ड’वरून डहाणू. एकच छोटं गोष्टीचं पुस्तक आठ-दहा दिवस रोज वाच, तुझं बोट शब्दांखाली फिरत राहू दे, आणि ओळीतला शेवटचा शब्द त्याला म्हणू दे. पाठ झालं म्हणून रागावू नकोस. पाठ झालेल्या ओळीतच शब्द ओळखू यायला लागतात.

दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, बस. घड्याळ लाव आणि त्याला मजा येत असली तरी थांब. उद्या परत बसावंसं वाटलं पाहिजे.

पंचवीसचं तर त्याच्या बाजूनं मी भांडेन. ‘पंचवीस’मध्ये कानाला आधी पाच येतो, मग वीस. हाताला मात्र आधी २ लिहावा लागतो. पोरगं ऐकलं त्या क्रमानं लिहितं, म्हणजे लक्ष देऊन ऐकतंय. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचायची रीत आली आणि केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, आणि आपली संख्यानावं मुलांना जड जातात हेच त्या समजावून सांगत होत्या. तू घरी दोन्ही म्हण: “वीस आणि पाच, पंचवीस.” खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून दे. दोन जुड्या, पाच सुट्या. दुकानात तो हेच तर करतो, दहाच्या दोन नोटा आणि पाचाचं नाणं. त्याला ते येतंय, फक्त कागदावर आणायचंय.

बाईंना भेट, पण पालकसभेच्या गर्दीत नको, मधल्या सुट्टीत. तक्रार घेऊन जाऊ नकोस. कानाची तपासणी करून घेतोय म्हणून सांग, पुढच्या बाकावर बसवायला सांग, आणि काही दिवस सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका अशी विनंती कर. सकाळचं पोट दुखणं मला त्या उभं राहण्याशी जोडलेलं वाटतं. तरी डॉक्टरांना पोटाचंही सांग.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांना काम दे. रात्री गोष्ट सांगणं, कोडी घालणं, हे त्यांच्याइतकं घरात कुणाला जमणार नाही, आणि गोष्टी ऐकलेल्या मुलाला वाचन सोपं जातं. ‘मठ्ठ’ हा शब्द मात्र त्याच्या बापानं आपल्या आईला सांगून बंद करायचा. त्यालाही लहानपणी वाचायला जड गेलं असेल तर त्यानं ते लेकाला एकदा जवळ घेऊन सांगावं. डॉक्टरांनाही सांगावं, कारण वाचनाची अडचण पुष्कळदा घराण्यात असते.

शेजारणीच्या प्रश्नाला खरं उत्तर देते. जो मुलगा सुटे पैसे मोजून आणतो त्याच्याबद्दल मला तशी शंका येत नाही, पण पत्रावरून कुणी निदान करू नये. कान, डोळे ठीक निघाले, सहा-आठ महिने अशी मदत मिळाली आणि तरी वाचन हलेना, तर बालविकासतज्ज्ञांना दाखव. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं अडणं, आहे का हे सात-आठ वर्षांच्या आधी खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून आज कुणी घाईनं शिक्का मारत असेल तर मारू देऊ नकोस. पुढे तसं निघालंच, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे आणि परीक्षेत सवलतीही मिळतात. आणि बौद्धिक अक्षमता निघाली तरी तो तुझा तोच मुलगा असेल, साखळी बसवणारा. त्याला तेव्हाही हेच लागेल: त्याच्या पायरीवर बसणारं माणूस. तो पुढे सगळ्यांना मागे टाकेल असं खोटं वचन मी तुला देत नाही.

आता त्या वळाबद्दल. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मुलाला मारायला बंदी आहे, मनाला लागेल असं छळायलाही. घरात कायदा बघायला कुणी येत नाही, तिथे आईनंच थांबायचं असतं. तू थांबणार आहेस, नाहीतर हे पत्र लिहिलं नसतंस. पण रात्री तो झोपल्यावर रडलेलं त्याला कळलेलं नाही. त्याला फक्त उलथनं कळलंय. आज तो जागा असताना जवळ बस आणि म्हण, “मी तुला मारलं ते चुकलं. तुला येत नाही म्हणून मी आता मारणार नाही. आपण मिळून शोधू कुठे अडतंय.” एवढंच. “पण तूही जरा” असं त्याला जोडू नकोस. आणि ज्या संध्याकाळी तुझंच डोकं ठणकत असेल, त्या संध्याकाळी पुस्तक उघडूच नकोस.

कानाची तपासणी दिवाळीच्या सुट्टीच्या आत होऊ दे, आणि काय निघालं ते मला कळव. त्या पत्रासोबत त्याच्या हातचं सायकलचं एक चित्र पाठव. खाली नाव त्यालाच लिहू दे, जसं येईल तसं. तू दुरुस्त करू नकोस.

— मावशी