सातारा-सांगलीकडे गर्दी नसलेलं, निवांत बेट आहे का?

तुम्हाला दोन दिवस सुट्टी आहे, अंदमान-लक्षद्वीप खिशाला झेपत नाही, आणि माणसं कमी, झाडं जास्त असं एखादं बेट हवंय. आहे की, फक्त समुद्रातलं नाही. माझं माहेर वाळवा तालुक्यात आणि सासर साताऱ्यात, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

मुक्काम करायचा असेल तर बामणोली. साताऱ्याहून कासमार्गे 35-40 किलोमीटर. खाली शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा, आणि पलीकडच्या काठाला कोयना अभयारण्याचं दाट रान. काठावर तंबू मिळतात, घरगुती जेवणही. नाचणीची भाकरी मागा. तिथलं ते बेट नव्हे, पण पलीकडे लाँचशिवाय जाता येत नाही, त्यामुळे वाटतं मात्र बेटावर आल्यासारखंच.

लोक बामणोलीला येतात ते वासोटा किल्ल्यासाठी. लाँचने साधारण दीड तास, मग जंगलातली चढण. वनखात्याची परवानगी लागते, वर मुक्काम करता येत नाही, पावसाळ्यात बंद. किल्ला सुंदर आहे, पण रविवारी तिथे जत्रा असते. तुम्ही शांतता मागताय, तर बुधवार-गुरुवार गाठा आणि वासोटा सोडून नुसती लाँच फिरवून आणा असंच मी म्हणेन. सप्टेंबरात कासच्या फुलांमुळे रस्ता तुंबलेला असतो, तेव्हा नको. मुनावळ्याला हल्ली जलक्रीडा सुरू झाल्यात, तिकडेही नको. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उत्तम. मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की लाँचपर्यंत चिखल तुडवत जावं लागतं.

एकदा आमच्या लाँचचं इंजिन मध्येच बंद पडलं. मुलं घाबरली, मी लाइफ जॅकेटच्या गाठी तपासत बसले. लाँचवाले मामा शांतपणे नळी फुंकत होते. मग पाण्याकडे हात करून म्हणाले, "हितं खाली आमच्या आज्याचं घर हाय." होतं नाही, हाय. 1960 च्या दशकात धरण झालं आणि खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. माणसं कुणी सोलापूरकडे, कुणी रायगड-ठाण्याकडे वसवली, कुणी डोंगरात वर सरकली, बरीच मुंबईला माथाडी झाली. तुम्हाला हवी असलेली शांतता तिथे आहे ती अशी आलेली आहे. म्हणून लाँचवर स्पीकर लावू नका एवढी विनंती. कॅम्पवाल्याला आधीच विचारून घ्या, काही ठिकाणी रात्री गाणी लावतात.

आता खरंखुरं बेट. इस्लामपूर, म्हणजे आताच्या ईश्वरपूरजवळ, बहे गावात कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे. रामाने तिथे पूजा मांडली, कृष्णेला पूर आला, मारुतीने बाहू पसरून तो अडवला आणि नदी दोन बाजूंनी वाहिली, अशी कथा सांगतात. गावाचं नावही त्या बाहूंवरूनच पडलं म्हणे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. राहायची सोय धरू नका, सकाळी जाऊन दुपारी परत यावं. उन्हाळ्यात झाडाखाली बसलं की दोन्ही बाजूंनी पाण्याचा आवाज येतो. मला विचाराल तर वासोट्याहून हे बरं, पण माहेरचं असल्यामुळे माझ्या मतावर फार विसंबू नका.

पावसाळ्यात मात्र बहेला जाण्याआधी कोयनेची बातमी बघा. धरणाची साठवण 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट. त्यातलं पुष्कळ पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवतात, पण धरण भरून दरवाजे उचलले की पाणी कराडला कृष्णेत येतं आणि पुढे बहेच्या बेटावर चढतं. दर ऑगस्टला आईचा फोन ठरलेला असतो, "तुमच्याकडचं पाणी सोडलं का गं?"